व्हर्ना म्हणाली, घेऊ नका

जानेवारीत अमेरिकन फुटबॉलचा मोसम संपला की आमच्या ॲशफर्ड गावात लोक पंधरवडाभर घरात कुणी गेल्यासारखे वावरतात. सरोवर गोठलेलं, रस्त्याच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग, आणि आमच्या भागाची व्यावसायिक टीम पुन्हा एकदा हरलेली. मग हळूहळू पुढच्या वर्षाची बोलणी सुरू होतात. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, दुसऱ्या टीममधून कुणाला फोडून आणायचं, आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांपैकी कुणाचं नाव पुकारायचं. व्हर्ना सोबचाकचा खरा मोसम तेव्हा सुरू व्हायचा.

व्हर्ना आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात एकत्र काम करायचो. पोरांचा नाश्ता आवरला की ती आत कोठारात जायची, गोठवलेल्या बटाट्यांच्या खोक्यावर बसायची आणि रेडिओवरच्या रस नावाच्या निवेदकाला फोन लावायची. रसचा सकाळचा कार्यक्रम म्हणजे फुटबॉल आणि फक्त फुटबॉल. आम्हाला ती दोनदा ऐकू यायची. एकदा दारातून, आणि काही क्षणांनी ओट्यावरच्या रेडिओतून.

"रस, मी व्हर्ना, ॲशफर्डची."

"बोल गं बाई! तुझ्यावाचून आमचा मार्च सुरू होत नाही."

"तो डाव्या बाजूचा म्हातारा घेतलात ना परवा, तेहतीस वर्षांचा? तो उजव्या पायावर भार देत नाही. गेल्या वर्षीचे सामने काढून बघ. शिंकला तरी पडेल तो. आणि तो चेंडू झेलणारा, सोन्याची साखळी घालणारा, तो कशाला? त्याने सगळा जन्म उन्हात काढलाय. आमच्या सरोवरावरून वारा सुटला आणि बोटं बधिर झाली, की मग बघू किती झेलतो."

"मग ड्राफ्टमध्ये कोण हवंय तुला?"

"आयोवाचा तो जाडा पोरगा. ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो. समोरच्याला ढकलतो आणि घरी जातो. मला तसली कंटाळवाणी माणसं हवीत. नाचणारे नकोत."

ती नेहमी बरोबर असायची असं मुळीच नाही. एका वर्षी नवा किकर, म्हणजे पायाने चेंडू मारणारा, आणला, तेव्हा ती म्हणाली होती की हा पोरगा चर्चच्या उघड्या दारातूनसुद्धा चेंडू बाहेर काढणार नाही. त्याच पोराने त्या वर्षी आम्हाला चार सामने जिंकून दिले. रस तिचं ते बोलणं दरवर्षी पुन्हा वाजवायचा. ती म्हणायची, "वाजव, वाजव. लग्नाआधी मी काय काय बोलले होते, तेही माझी आई मला असंच दरवर्षी ऐकवायची." सगळं गाव हसायचं. दुकानात, पेट्रोल पंपावर लोक तिला अडवून विचारायचे, "काय व्हर्ना, कोण यायला हवा यंदा?" आणि ती सामानाची ढकलगाडी बाजूला लावून सांगत बसायची.

हसणारी, तोंडाने फटकळ, अशी व्हर्ना लोकांना माहीत होती. घरी गेल्यावरची व्हर्ना मला माहीत होती, कारण माझं घर तिच्यापासून दोन घरं सोडून.

तिचा नवरा लेन. आम्ही एका शाळेतले. लेन तेव्हा शाळेच्या टीममध्ये होता आणि पुढे ओतकामाच्या कारखान्यात लागल्यावर कारखान्याच्या टीममध्ये. हेल्मेट घालून माणसांच्या भिंतीत डोकं खाली करून घुसायचं, हे त्याचं काम. डोळ्यांपुढे काजवे चमकले की लोक टाळ्या वाजवायचे, नाकाखाली झोंबऱ्या वासाची बाटली धरायचे आणि त्याला परत मैदानात ढकलायचे. लेनही हसतच जायचा. पन्नाशी ओलांडली आणि एक दिवस त्याने गाडी भलत्याच घराच्या अंगणात नेऊन लावली. मग किल्ल्या हरवल्या, मग माणसांची नावं. आता तो साठ-पासष्टचा. न्हाणीघरातल्या आरशातल्या माणसाला घाबरायचा. दुपारी उन्हं कलली की त्याला वाटायचं, सरावाला उशीर झाला. "कोच ओरडेल," असं म्हणत तो बूट शोधायचा. सकाळी चर्चमधली एक बाई त्याच्यापाशी बसायची, आणि व्हर्ना कामावरून आली की उरलेला दिवस ती एकटी.

एवढं होऊनही तिचं फुटबॉलवेड सुटलं नाही. मी एकदा विचारलं, "तुला राग येत नाही का गं ह्या खेळाचा?" ती म्हणाली, "येतो. पण रविवारी टीव्ही लागला की लेन माझ्याशी बोलतो, डॉटी. आठवड्यातले तेवढेच तीन तास तो मला ओळखल्यासारखं बोलतो." मी पुन्हा तो विषय काढला नाही.

ब्रॅडेन हॅलोरन आमच्याच शाळेतला पोरगा. आम्ही त्याला जेवण वाढलेलं. व्हर्ना त्याच्या ताटात बटाट्याचा एक डाव जास्त टाकायची, कारण त्याची आई टेरी दोन-दोन पाळ्या करायची आणि पोरगा घरी भुकेला राहायचा. पुढे तो राज्याच्या कॉलेजात गेला आणि तिथे चेंडू छातीशी धरून पळणारा म्हणून त्याचं नाव झालं. तो ड्राफ्टमध्ये उतरणार म्हटल्यावर गावाला वेड लागायचंच बाकी राहिलं. बँकेच्या भिंतीवर त्याचा फोटो, बेकरीत त्याच्या नंबरचा केक. आमच्या गावातून आमच्या टीममध्ये आजवर कुणी गेलेलं नव्हतं. आपल्या टीमने ब्रॅडेनला घेतलंच पाहिजे, एवढंच लोकांचं म्हणणं.

फक्त व्हर्ना काही म्हणत नव्हती. कुणी विचारलं तर त्या आयोवाच्या जाड्या पोरावर घसरायची.

त्याचं कारण मी पाहिलं होतं, पण मला ते तेव्हा कळलं नव्हतं. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी आम्ही तिघं तिच्या बैठकीत ब्रॅडेनचा सामना बघत होतो. दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धडक दिली. तो पडला आणि लगेच उठला. लोक ओरडले. मग तो चालत गेला आणि समोरच्या टीमच्या पोरांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. त्यांच्यातल्याच एकाने त्याचा खांदा धरून त्याला वळवलं आणि त्याच्या माणसांकडे पाठवलं. टीव्हीवरचे लोक हसले. म्हणाले, "हेरगिरी करायला गेला वाटतं!" मीही हसले. ब्रॅडेन हाताच्या मागच्या बाजूने तोंड पुसत होता, पुन्हा पुन्हा, तोंडाला काही लागलेलं नसताना. व्हर्नाने मांडीवरची ताटली खाली ठेवली. तिने लेनकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. ते लोणचं दे इकडे."

लेन्टचे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाचे दिवस होते, एप्रिलच्या अगदी सुरुवातीला, तेव्हा रसने तिला सरळच धरलं. ती नेहमीप्रमाणे खोक्यावर बसली होती, दार अर्धवट उघडं.

"व्हर्ना, तू टाळतेयस. आपल्या गावचा पोरगा, तुझ्या हातचं खाल्लेला. सांग, घ्यायचा ना ब्रॅडेनला?"

रेडिओवर शांतता असली की फार मोठी वाटते. मी हातातला झारा तसाच धरून उभी.

"घेऊ नका," ती म्हणाली.

"काय?"

"आपल्या टीमने घेऊ नका. कुणीच घेऊ नका, रस. त्याला घरी पाठवा. त्याच्या डोक्याला लागलंय. मी बघितलंय, तो उठतो आणि त्याला कळत नाही तो कुठे आहे. मी हे रोज बघते. माझ्या घरात बघते."

रसने काहीतरी हसण्यावारी नेण्याचा प्रयत्न केला, पण तिने फोन ठेवला होता. बाहेर आली ती फोन हातात तसाच धरून. म्हणाली, "डॉटी, मी काय बोलले?"

दुपारपर्यंत तिचं ते बोलणं सगळ्यांच्या फोनवर फिरत होतं. मागचं-पुढचं कापून टाकलेलं. उरलं होतं फक्त 'घेऊ नका', 'त्याच्या डोक्याला लागलंय' आणि 'घरी पाठवा'.

लेन्टमध्ये शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तळलेले मासे असतात. सगळं गाव तिथे जेवतं. व्हर्ना लेनचा हात धरून आली. आम्ही लांब टेबलाच्या टोकाला बसलो. टेबलावर आधी बसलेली माणसं आपापली ताटं उचलून उठली, हळू, जणू त्यांना दुसरीकडे कुणी हाक मारली होती. ओतकारखान्यातला लेनचा जुना सोबती जाता जाता म्हणाला, "पोराच्या पोटावर पाय दिलास, व्हर्ना. मोठ्या टीमवाल्यांना फक्त निमित्त लागतं."

"मी खरं ते सांगितलं."

"तू डॉक्टर आहेस का? बटाटे उकडतेस तू." आणि तो गेला.

लेन आनंदात मासे खात होता. "आज गर्दी कमी आहे," तो म्हणाला.

मग फोन यायला लागले. आधी नुसतं कुणीतरी श्वास घ्यायचं. मग शिव्या. एक आवाज तर शांत होता, गोड म्हणावा असा. तो म्हणाला, "म्हातारा बाहेर एकटा फिरतो ना तुमचा? काळजी घ्या." हे तिने मला ऐकवलं तेव्हा मी आधी उठून दाराची कडी बघून आले. आपल्याच गावातलं माणूस. कदाचित ज्याच्या पोरांना आम्ही रोज वाढतो असं. एका सकाळी तिची टपालपेटी खांबासकट आडवी पडलेली. दुसऱ्या दिवशी ओसरीवर कुणीतरी टीमच्या रंगाची टोपी ठेवून गेलं, मधोमध फाडलेली.

"पोलिसांना सांग," मी म्हटलं.

"सांगितलं. तो ऑफिसर म्हणाला, ड्राफ्ट होऊ दे, सगळं शांत होईल. जाताना मला विचारतो, 'पण खरंच असं का बोललात हो तुम्ही?'"

आणि मग एक काळा पिकअप ट्रक. दुपारी तो आमच्या गल्लीत यायचा, तिच्या घरासमोर अगदी हळू व्हायचा, थांबायचा, इंजिन चालू. काचा काळ्या. आम्ही पडद्याआडून बघायचो. लेन खिडकीशी जाऊन उभा राहिला की व्हर्ना त्याला मागे ओढायची आणि तो घाबरून रडायला लागायचा. तिने दारांना आतून जास्तीच्या कड्या लावून घेतल्या. रात्री जिन्याखाली खुर्ची टाकून बसायची, असं पुढे तिनेच मला सांगितलं. कामावर ती गप्प गप्प. भाज्या चिरताना मागे कुणी आलं की दचकायची. एकदा एका पोराने ताट आपटलं, तर ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"त्यांची भीती वाटते का?" मी विचारलं.

"त्यांची वाटते. पण ती दुसरी भीती जास्त आहे. मी चुकले असेन तर? त्या किकरसारखी? पोराचं वाटोळं केलं मी, नुसत्या एका तोंड पुसण्यावरून." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि बरोबर असेन तर? तर मग काय, डॉटी?"

ड्राफ्टच्या गुरुवारी संध्याकाळी सगळं गाव हॉलमध्ये जमलं. मोठा पडदा, बिअर, ब्रॅडेनच्या नावाचे फुगे. मी व्हर्नाकडे गेले. पडदे ओढून, आवाज बारीक करून आम्ही टीव्ही बघत बसलो, चोरी केल्यासारखं. एकेक टीम नाव पुकारत होती. आमच्या टीमची पाळी आली. आणि मंचावर येऊन त्या माणसाने नाव घेतलं ते आयोवाच्या जाड्या पोराचं.

बरोबर तोच. महिनाभर ती रेडिओवर ज्याच्यासाठी घसा कोरडा करत होती तोच. दुसऱ्या कुठल्याही वर्षी तिने उठून लेनला नाचवलं असतं. ती बसल्या जागी पांढरी पडली.

"आता ते मला सोडणार नाहीत," ती म्हणाली.

पहिली फेरी संपली. ब्रॅडेनचं नाव कुणीच घेतलं नाही. दूरवरून, हॉलच्या बाजूने, गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते, आनंदाचे नव्हेत. शुक्रवारी तिसऱ्या फेरीत, लोक कंटाळून घरी निघाले असताना, दक्षिणेतल्या कुठल्याशा टीमने त्याला घेतलं. पहिल्या फेरीचा पोरगा तिसऱ्यात घसरला, आणि का घसरला ह्याचं उत्तर गावाजवळ तयार होतं. मोठ्या टीमा शाळेतल्या स्वयंपाकिणीचं ऐकून माणसं निवडत नाहीत, हे कुणाला सांगणार?

शनिवारी दुपारी मी अंगणात होते. व्हर्ना ओरडत रस्त्यावर आली. तिच्या एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नाही.

"लेन! डॉटी, लेन घरात नाही!"

ती तळघरात कपडे टाकायला उतरली होती. वर आली तर समोरचं दार उघडं. सगळ्या कड्या काढलेल्या, एकेक करून, नीट. रोज किल्ली विसरणाऱ्या माणसाने कड्या मात्र काढल्या होत्या. त्याचे बूट नव्हते. शेजारच्या बाईने खिडकीतून सांगितलं, "मघाशी तो काळा ट्रक थांबला होता तुमच्यासमोर. मग गेला."

व्हर्नाने माझा दंड धरला. तिची नखं रुतली. "त्या फोनवाल्याने सांगितलं होतं. सांगितलं होतं मला."

मी तिला गाडीत बसवलं. पोलिसांना फोन लावत लावत आम्ही निघालो. आधी सरोवराकडे, कारण भीती माणसाला आधी पाण्याकडेच नेते. धक्क्यावर कुणी नव्हतं. पाणी करडं आणि बर्फाचे तुकडे अजून काठाला आपटत होते. व्हर्ना कठड्यावरून वाकून खाली बघत होती. मी तिच्या कोटाची बाही घट्ट धरून ठेवली. मग रेल्वेचं फाटक. मग बंद पडलेला कारखाना, त्याच्या मागची झाडी. प्रत्येक ठिकाणी गाडी थांबण्याआधीच ती दार उघडायची. ती सारखी एकच बोलत होती, "त्याने पातळ सदरा घातलाय. त्याला थंडी वाजेल."

मला अचानक सुचलं. "व्हर्ना, दुपारी तो कुठे जायचं म्हणतो?"

शाळेच्या मैदानाच्या फाटकाशी तो काळा ट्रक उभा होता. दोन्ही दारं उघडी.

मी गाडी लावेपर्यंत व्हर्ना पळत सुटली होती. मैदानाच्या मध्यावर दोन माणसं. लेन वाकून, एक हात जमिनीला टेकवून उभा होता, धावायच्या तयारीत. त्याच्या अंगावर दुसऱ्याच कुणाचं जाकीट होतं, मोठं. समोर एक दांडगा तरुण, अंगात नुसता टीशर्ट, हात दोन्ही बाजूंना लोंबकळत. मी त्याला ओळखलं. शेन हॅलोरन, ब्रॅडेनचा मोठा भाऊ.

"त्याला हात लावू नकोस!" व्हर्ना किंचाळली. "मला काय करायचं ते कर! त्याने तुझं काय वाकडं केलंय?"

शेन मागे सरकला. "मी काही केलं नाही, मिसेस सोबचाक. आईची शपथ, काही नाही केलं."

"रोज दारात उभा राहतोस आणि काही नाही केलं?"

"उभा राहायचो. घाबरवायलाच यायचो. ते खरं आहे. फोन मी नाही केले. टपालपेटी मी पाडली." त्याचा चेहरा लाल झाला होता. "पण आज हे स्वतः बाहेर आले. दार उघडून ट्रकमध्ये बसले. मला म्हणाले, चल लवकर, उशीर झाला, कोच ओरडेल. मी म्हटलं उतरा. ते उतरेनात. माझ्या मनात आलं की... माझ्या मनात काय आलं ते सांगत नाही. त्यांना लांब कुठेतरी सोडून यावं, तुम्हाला कळू दे, असं काहीतरी. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, 'पोरा, आपण कुणाशी खेळतोय आज? कुणाला सांगू नकोस, मला आठवत नाहीये.'"

लेन सरळ उभा राहिला आणि हाताच्या मागच्या बाजूने तोंड पुसायला लागला. एकदा, दोनदा, पुन्हा. शेन ते बघत होता. त्याचा आवाज बदलला.

"हे असं कधीपासून करतात?"

व्हर्ना लेनला मिठीत घेऊन उभी होती. "पहिल्यापासून. बाकी सगळं त्यानंतर सुरू झालं."

शेन खाली गवतावर बसला, पाय दुमडून.

"मार्चच्या सुट्टीत ब्रॅडेन घरी आला होता," तो म्हणाला. "मला विचारतो, आपला डस्टी कुठेय? डस्टी म्हणजे आमचा कुत्रा. त्याला आम्ही दोघांनी मिळून पुरलं, मागच्या अंगणात. खड्डा त्यानेच खणला होता. मी हसलो. मला वाटलं चेष्टा करतोय. मग तो पण हसला. पण आधी नाही हसला, मिसेस सोबचाक. मी हसलो म्हणून हसला."

मैदानावर वारा होता. मी त्या दोघांच्या मधे उभी होते.

"तू हे कुणाला सांगितलंस?" व्हर्नाने विचारलं.

"कुणाला सांगू? आईला? ती केकचे फोटो काढत होती." त्याने डोळे पुसले. "मग तुम्ही रेडिओवर बोललात. मी ट्रकमध्ये ऐकलं. मला वाटलं, हिला कसं कळलं? हिला कसं काय कळलं? आणि मला तुमचा इतका राग आला."

व्हर्ना लेनला सोडून त्याच्याजवळ गेली. मला वाटलं, मारते आता. ती त्याच्या शेजारी गवतावर बसली, कष्टाने, गुडघे धरून. "मलाही वाटत होतं की मी चुकलेलीच निघावं," ती म्हणाली. "अजूनही तेच वाटतं. तू मला चुकीची ठरवायला हवं होतंस रे."

पोलिसांची गाडी आली तेव्हा लेन शेनला हाताला धरून उठवत होता. "ऊठ, ऊठ," तो म्हणत होता, "काही लागलं नाही तुला." व्हर्नाने तक्रार केली नाही. ऑफिसरला म्हणाली, शेजारच्या पोराने त्याला फिरायला आणलं होतं.

शेनने आईला सांगितलं. टेरीने त्याच्या मुस्कटात मारली आणि आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. मग तिने ब्रॅडेनला फोन केला. ब्रॅडेन भडकला. म्हणाला, टीमच्या डॉक्टरांनी सगळं तपासलंय, मी ठीक आहे, त्या बाईने तुम्हालाही वेड लावलंय. कदाचित तो खरंच ठीक असेल. आम्हाला कुणालाच माहीत नाही. त्याला स्वतःला माहीत असेल का, हेही नाही. ऑगस्टमध्ये तो दक्षिणेत सरावाला गेला. गावाने बँकेवरचा फोटो बदलून नव्या टीमच्या रंगांतला लावला. हळूहळू फोन थांबले. दुकानात लोक व्हर्नाशी बोलायला लागले, हवापाण्याचं. टीममध्ये कोण यायला हवा, हे मात्र तिला कुणी विचारत नाही. रसने दोनदा निरोप पाठवला. तिने फोन केला नाही. कोठारातल्या खोक्यावर ती आता नुसती बसते, दार लावून.

शेनने टपालपेटी नवी बसवून दिली. आणि सप्टेंबरपासून तो रविवारी व्हर्नाकडे येतो. पहिल्यांदा आला तेव्हा दारात घुटमळला, हातात पिरोगींचा, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांचा डबा. आता लेनच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. आमच्या टीमचा सामना नाही लावत ते. दक्षिणेतला लावतात. लेनला फरक पडत नाही, त्याला सगळेच रंग आपले वाटतात. "तो पोरगा बरा पळतो," तो म्हणतो. शेन म्हणतो, "माझा भाऊ आहे." लेन दर वेळी नव्याने खूश होतो.

व्हर्ना बैठकीत येत नाही. आयुष्यभर जिने एक सामना चुकवला नाही, ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहते, हातात फडकं. ब्रॅडेनच्या हातात चेंडू आला की शेन "गेला" असं म्हणतो आणि ती डोळे मिटते. मग धडकेचा आवाज, लोकांचा गलका.

"उठला का?" ती आतून विचारते.

"उठला."

"कुठे चाललाय?"

शेन खुर्चीतून पुढे झुकतो, पडद्याला नाक लागेल इतका. "आपल्या माणसांकडे," तो म्हणतो.

सामना संपल्यावर तो ओसरीवर जाऊन भावाला फोन लावतो. खेळाबद्दल बोलतो, आणि मधेच कुठेतरी एखादा प्रश्न पेरतो. मावशीच्या नवऱ्याचं नाव काय रे? आपण लहानपणी बोट कुठे बांधायचो? ब्रॅडेनच्या हे लक्षात आलंय. मागच्या रविवारी त्याने शिवी दिली आणि फोन आपटला. शेन आत आला तेव्हा व्हर्ना त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभी होती, आणि मी तिच्याकडे.

"उत्तर दिलं का?" तिने विचारलं.

"नाही," शेन म्हणाला. "चिडला होता म्हणून दिलं नसेल."

व्हर्नाने मान डोलावली. "हो, चिडला असेल," ती म्हणाली, आणि लेनला जेवायला उठवायला गेली.